वासाचा रकाना

मिरजगाव, ता. कर्जत
४ मार्च २०२५

मनवा मॅडम,

नमस्कार घ्यायचा तर घ्या, नाहीतर बाजूला ठेवा. फोन तुम्ही ब्लॉक केलाय, व्हॉट्सॲपवर तुमचा फोटो दिसत नाही, आणि ऑफिसच्या मेलवरून लिहिलं तर काकासाहेबही वाचतात. म्हणून पोस्टाचं पाकीट. तुमचा नगरचा पत्ता तुमच्या फायलीतून घेतला. ती फाईल आता माझ्या कपाटात असते.

होय, तुमची खुर्ची मला मिळाली. तुम्ही जाऊन आठवडा होत नाही तोवर मिळाली. 'क्वालिटी इन्चार्ज' अशी पाटी अजून झालेली नाही, पण सही माझी चालते. अठ्ठावीस वर्षं या दूध शीतकरण केंद्राच्या ओट्यावर उभं राहून कॅनची झाकणं उघडली, आता पंख्याखाली बसून कागद बघतो. ओट्यावर अजून जातोच, वास घेणारा दुसरा आहे कोण. खुर्चीचं एक चाक अडतं, हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

पत्राचं कारण असं की नेवाशाच्या डेअरीचा मेल आलाय. तुम्ही तिथं अर्ज केलाय. त्यांनी विचारलंय, मॅडमचं काम कसं होतं, नोकरी का सुटली, आणि वेळ आली तर तुम्ही त्यांना परत घ्याल का. वीस मार्चच्या आत उत्तर हवंय, त्यावरच त्यांचं ठरणार आहे. केंद्राचे प्रमुख काकासाहेब, पण त्यांनी तो मेल माझ्याकडं सरकवला. म्हणाले, "नाना, तुमीच लिवा. तुमाला आता मेल झ्याक जमतंय."

म्हणजे तुमची नोकरी माझ्या हातात आहे. हे लिहायला मला बरं वाटतंय, खोटं कशाला बोलू.

तुम्ही यायच्या आधी इथं कुणाला काही कळत नव्हतं, असं नव्हतं. झाकण काढलं, नाक घातलं की मी सांगायचो, हे रात्रीचं सकाळच्यात मिसळलंय. या कॅनला धुण्याचा सोडा राहिलाय. या म्हशीनं काल लिंबाचा पाला खाल्लाय. पुण्याच्या हेड ऑफिसचे साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे आणि 'हे आमच्या मिरजगावचं नाक' म्हणून मला दाखवायचे. माझी मान हलल्याशिवाय टँकरवाला पाइप जोडत नव्हता.

मग सप्टेंबरात तुम्ही आलात. पंचविशीतल्या, खांद्याला लॅपटॉप, पायात पांढरे बूट. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर माशाचा सांगाडा काढलात आणि एकेका काट्यावर एकेक कारण लिहिलंत, माणूस, मशीन, पद्धत, माल. "चूक झाली की कोण ते विचारायचं नाही नाना, पाच वेळा का ते विचारायचं," म्हणालात. ओट्यावरची माणसं हसली, मीही हसलो. दिवाळीपर्यंत पुण्याहून परत येणारं दूध निम्म्यावर आलं आणि हसणं बंद झालं. दूध वाचलं ते चांगलंच झालं. ते तुमच्यामुळं वाचलं, हे मला सोसलं नाही.

आणि तुमचे ते मेल. मी हेड ऑफिसला फोन लावला तर साहेब मीटिंगमध्ये असायचे. तुमच्या मेलला अर्ध्या तासात उत्तर. 'फार नीट लिहिलंय, मनवा.' मी तुमच्या मागं उभा राहून ते वाचलं होतं. त्या दिवशी मला भाकर गोड लागली नाही.

एक ओळ पाठवा. 'नाना, चांगलं लिहा' एवढंच. तुम्ही मागितलंत तर बघतो.

मच्छिंद्र


मिरजगाव
११ मार्च

मनवा मॅडम,

ओळ आली नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं, तो आता मला बघून सायकल लांबून काढतो.

बरं, नका मागू. तुमचा तोच तर तोरा होता. कधी आवाज चढवला नाहीत, कधी कुणाला टाकून बोलला नाहीत, आणि कुणापुढं वाकलाही नाहीत. मी हनुमंताला शिव्या घालून जे काम करून घेत होतो, ते तुम्ही 'हनुमंतराव, एवढं बघता का' म्हणून करून घेत होतात. तो माझ्याआधी तुमच्याकडं जायला लागला. माझ्या हाताखाली अकरा वर्षं काढलेला माणूस.

नेवाशाला लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आलं की मेल लिहायला मला तुम्हीच शिकवलंय. ऑक्टोबरात, जेवणाच्या सुट्टीत. माझ्या ताटात तुमच्या डब्यातली मेथी वाढत सांगत होतात, "विषयाच्या ओळीत अख्खं गाऱ्हाणं नको, नाना. एकच गोष्ट. पहिल्या ओळीत मुद्दा. मग काय घडलं ते तारखेसकट, मग पुरावा. शेवटी आपल्याला काय हवंय ते सरळ. माणसाच्या स्वभावावर लिहायचं नाही, कामावर लिहायचं. आणि रागात लिहिला तर दुसऱ्या दिवशी पाठवायचा." मी वहीत उतरवून घेतलं. बारावीनंतर पहिल्यांदा वही केली होती.

आणि त्या शिक्षणावर पहिला मेल लिहिला तो तुमच्याविरुद्ध. मुद्दा पहिल्या ओळीत होता, तारखा होत्या, स्वभावावर एक शब्द नव्हता. फक्त दुसऱ्या दिवसाची वाट बघितली नाही.

काय झालं ते तुम्हाला पाठ आहे. मला ते एकदा सलग लिहायचंय म्हणून लिहितो.

कांदा काढणीचे दिवस होते. गावोगाव जनावरांपुढं कांद्याची पात नाहीतर बारका, विकला न जाणारा कांदा. तो खाल्लेल्या गाईच्या दुधाला वास येतो आणि मशीनला तो कळत नाही. फॅट बरोबर, एसएनएफ बरोबर, आंबटपणाही बरोबर. तो नाकालाच कळतो. म्हणून तर तुम्ही फॉर्मवर 'वास' असा वेगळा रकाना केला होतात. प्रत्येक कॅनपुढं त्यात खूण करायचं काम माझं. अकरा फेब्रुवारीला आठ हजार लिटरचा टँकर पुण्याला गेला, पिशव्या भरल्या गेल्या, घरोघरी गेल्या, आणि लोकांनी सकाळचा चहा मोरीत ओतला. सगळा माल परत. तुमचा फॉर्म काढला तर वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा, आणि खाली माझी सही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हेड ऑफिसला लिहिलं की त्या खुणा सकाळी कॅन यायच्या आधीच करून ठेवल्या होत्या. ऑडिट आहे, रकाना रिकामा दिसायला नको, म्हणून मनवा मॅडमनी तसं सांगितलं होतं. ऑडिट त्या आठवड्यात खरंच होतं, म्हणून त्यांना पटलं. तुमचे सहा महिने भरत आले होते, कायम केल्याचं पत्र यायचं होतं. ते आलं नाही, दुसरंच आलं.

तुम्ही तसं काही सांगितलं नव्हतं. तुम्हाला ते माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आता या कागदालाही.

मग मी खुणा का केल्या, असं तुम्ही विचाराल. ते आज लिहिणार नाही. नेवाशाला अजून काही पाठवलेलं नाही. नऊ दिवस आहेत.

मच्छिंद्र


मिरजगाव
रविवार, १६ मार्च

मनवा मॅडम,

मी एक हुशारी केली होती. परवा बुधवारी नेवाशाला दोन ओळी पाठवल्या. काम उत्तम, वागणूक उत्तम, परत घ्यायला हरकत नाही. म्हटलं, तुमची नोकरी होईल, माझी खुर्ची राहील, आणि आपला हिशेब मिटला.

काल त्यांचं उत्तर आलं. 'उमेदवाराने ११ फेब्रुवारीच्या टँकरची घटना मुलाखतीत स्वतःहून सांगितली. फॉर्म आधी भरायला सांगितल्याचा आरोप त्यांना मान्य नाही. आपले म्हणणे स्पष्ट कळवावे. त्याशिवाय नेमणूक करता येणार नाही.'

कशाला सांगितलंत? गप्प बसला असतात तर माझ्या दोन ओळींवर भागलं असतं. आणि सांगितलंत तर माझं नाव का नाही घेतलंत? मेल तीनदा वाचला, माझं नाव कुठंच नाही.

काकासाहेबांना दाखवला. ते म्हणाले, "लिवा, गैरसमज झाला हुता म्हनून. कुनाचा झाला ते लिवू नका. सोपं हाय."

आज दुपारी जेवून लिहायला बसलो. बायको मनकर्णा शेंगा फोडत होती. तिनं विचारलं कुणाला लिहिताय, मी सांगितलं. मग कसा कोण जाणे, तिला सगळं वाचून दाखवलं. तुमच्याविरुद्धचा मेलसुद्धा, तो तिला माहीत नव्हता. ती शेंगा फोडायची थांबली. म्हणाली, "त्या पोरीला तुमचं कळलं हुतं का?" मी म्हटलं, व्हय. "तरी ती कुनाला बोल्ली न्हाई?" मी म्हटलं, न्हाई. "आन् तुमी बोल्लात. ते बी खोटं." उठून आत गेली.

तर आता लिहितो. मला वास येत नाही. एप्रिल एकवीसमध्ये करोना झाला, बाकी सगळं भरून आलं, वास आला नाही. एकदा लसूण करपून घरभर धूर झाला आणि मी शेजारी पेपर वाचत बसलो होतो, तेव्हा मनकर्णाला कळलं. तिच्याशिवाय कुणाला नाही. आज येईल, उद्या येईल करत चार वर्षं गेली.

चार वर्षं मी झाकण उघडून त्यात नाक घालतो आणि मान हलवतो. दुधाचा रंग बघतो, फेस बघतो, कॅन आणणाऱ्याचा चेहरा बघतो. कुणी नजर चुकवली की कॅन परत. पण रोज सगळेच कॅन घेतले तर लोक म्हणतील नाना म्हातारा झाला, म्हणून रोज एक-दोन परत करावे लागतात. कुणाचे? जो भांडत नाही त्याचे. मालनबाई आठवते? दोन गाई, बोलणं जेमतेम, हिरवं लुगडं. तिचा कॅन मी सगळ्यात जास्त परत केलाय. ती एक शब्द न बोलता कॅन उचलायची आणि चालत जायची. महिना झाला, ती येत नाही.

तुमच्या रजिस्टरात तो तक्ता आहे. जानेवारीत मी परत केलेल्यांतले अकरा कॅन तुम्ही मागच्या मागं लॅबमध्ये तपासलेत, नऊ चांगले निघाले. तेव्हा मला म्हणालात, "नाना, तुमचं नाक हल्ली फार कडक झालंय." मी छाती काढून हसलो होतो. तुम्हाला तेव्हा खरंच तसं वाटलं होतं का, हे मला विचारायचं होतं.

टँकरनंतर मात्र तुमचं नेहमीचं सुरू झालं. वास का गेला? कॅन का घेतला? कळलं का नाही? तिसऱ्या 'का'लाच तुम्ही माझ्यापर्यंत आलात. कुणासमोर नाही. लॅबचं दार लोटून घेतलंत, दोन बाटल्या ठेवल्यात, "यातलं कांद्याचं कुठलं, नाना?" मी दोन्ही हुंगल्या. डावीकडची दाखवली. झाकणं लावलीत, बाटल्या शेल्फवर ठेवल्यात आणि म्हणालात, "घाबरू नका. उद्या बोलू."

तुमच्या डोळ्यांत राग असता तर मी हात जोडले असते, देवाशपथ. पण तुम्ही माझ्याकडं घरातलं आजारी माणूस बघावं तसं बघितलंत. फळ्यावरची हुशारी तुमची, मेल तुमचे, हनुमंत तुमचा, हेड ऑफिस तुमचं. आता माझ्यावर दया करायचा मोठेपणाही तुमचाच? त्याच संध्याकाळी मी मेल लिहिला. घाबरून लिहिला असं मनकर्णाला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे.

तुम्ही हेड ऑफिसला त्या दोन बाटल्यांबद्दल का सांगितलं नाहीत? तुम्हाला चौकशीला बोलावलं, तुम्ही म्हणालात 'मी असं सांगितलं नव्हतं', बस, एवढंच. माझं नाव घेतलं असतंत तर आज मी तुम्हाला शिव्या देऊन मोकळा झालो असतो. तुम्ही मला तेवढीसुद्धा सोय ठेवली नाहीत.

मच्छिंद्र


मिरजगाव
२० मार्च

मनवाताई,

सकाळी साडेनऊला मेल पाठवला. नेवाशाला आणि हेड ऑफिसला, दोघांना एकच. त्याची नक्कल खाली उतरवतो.

'विषय: माझ्या १२ फेब्रुवारीच्या मेलमधील खोटा आरोप मागे घेण्याबाबत.

माझा १२ फेब्रुवारीचा मेल खोटा होता. वासाचा रकाना आधी भरून ठेवायला मनवा यांनी कधीही सांगितले नव्हते. ११ फेब्रुवारीला प्रत्येक कॅनपुढे मी स्वतः, कॅन समोर असताना, खूण केली. मला एप्रिल २०२१ पासून वास येत नाही. ही गोष्ट मी केंद्रापासून लपवली. कांद्याच्या वासाचे दूध त्यामुळे टँकरमध्ये गेले. १२ फेब्रुवारीला मनवा यांनी माझी दोन बाटल्यांवर चाचणी घेतली, त्यात मी चुकलो. त्या बाटल्यांचे नमुना क्रमांक लॅबच्या रजिस्टरात आहेत. त्यापुढे निकाल त्यांनी लिहिलेला नाही, तो मी आज लिहून सही केली आहे.

मनवा यांच्या नोंदीतून हा आरोप काढावा. मला ओट्यावरून आणि क्वालिटीच्या कामावरून कमी करावे. यापुढे वासाची तपासणी दोन माणसांनी वेगवेगळी करावी.

मच्छिंद्र'

काकासाहेब मागं उभे होते. मी बटण दाबायच्या आधी म्हणाले, "नाना, सा वर्सं राहिली रिटायर व्हायला. नेवाशाला काय लिवायचं ते लिवा, हेड ऑफिसला कशापायी?" मी म्हटलं, नेवाशाला खरं आणि पुण्याला खोटं, असं दोन ठिकाणी दोन लिहिलं तर मला लक्षात राहणार नाही. ते आपल्या टेबलाकडं गेले. माणूस वाईट नाही, त्यांना फक्त आजचा दिवस पार पाडायचा असतो.

मग ओट्यावर गेलो. मालनबाई आली होती. हनुमंताला मी काल तिच्या वस्तीवर पाठवलं होतं, कॅन घेऊन ये असा निरोप द्यायला. ती रांगेत शेवटी उभी राहिली, नेहमीसारखी. तिचा नंबर आल्यावर मी झाकणाला हात लावला नाही. सगळ्यांसमोर सांगितलं की मला चार वर्षं वास येत नाही, तुझं दूध चांगलं होतं, मी उगाच परत करत होतो.

तिनं कॅन ओट्यावर टेकवला. मग म्हणाली, "मंग इतकी सालं तुमी काय हुंगत हुता?"

रागावून नाही विचारलं. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. रांगेतलं कुणी हसलंसुद्धा नाही. मी हनुमंताला पुढं बोलावलं. हनुमंतानं तिच्या कॅनचा वास घेतला, दूध ओतून घेतलं, तिनं रिकामा कॅन उचलला आणि गेली.

चार वाजता नेवाशाचं उत्तर आलं. तुमची नेमणूक पक्की, एक एप्रिलपासून. तुम्हाला त्यांनी आधीच कळवलं असेल, तरी माझ्याकडून कळावं असं वाटलं. हेड ऑफिसचं उत्तर साडेचारला आलं. सोमवारी पुण्याला बोलावलंय, सोबत ओळखपत्र आणि कपाटाच्या किल्ल्या आणायला सांगितल्यात. मनकर्णानं विचारलं, कामावर ठेवतील का. मी म्हटलं, ठाऊक नाही. ती म्हणाली, बरं, डबा देते.

या मेलनं मी चांगला माणूस झालो, असं काही समजू नका. नेवाशाचं उत्तर वाचलं तेव्हा आधी हेच मनात आलं. तुम्ही तिथं जाल, फळा मागवाल, महिन्याभरात तिथलाही कुणी हनुमंत तुमच्या मागं फिरेल. मी अठ्ठावीस वर्षांत जे कमावलं ते तुम्हाला सहा महिन्यांत मिळालं होतं, ते मी हिसकावून घेतलं, आणि तुम्हाला ते परत मिळायला दीड महिनासुद्धा लागला नाही. जळफळाट होतोय, अजून होतोय. माफी मागायला हात उचलतो आणि मधे तोच आडवा येतो. तरी मागतो. मला माफ करा.

या पत्राला उत्तर लिहू नका. तुम्ही लिहाल ते माझ्यापेक्षा चांगलं लिहाल, आणि ते वाचणं मला अजून सोसणार नाही.

मच्छिंद्र